कॅमेरा कुणाच्या हातात? बेघर माणसं, फिल्म आणि नव्वद वर्षांची गोष्ट

(पोस्ट लांब आहे. निवांत वेळ काढून वाचा.)

थंडी पडली की आपल्याकडे ब्लँकेटवाटप सुरू होतं. ते व्हायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हल्ली ब्लँकेटच्या आधी मोबाईल बाहेर निघतो. एसटी स्टँडच्या फलाटावर झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवायचं, तोंडावर लाईट मारायचा, अंगावर ब्लँकेट टाकायचं, हात जोडायला लावायचे आणि मागे रडकं गाणं लावून रील टाकायची. लाईक पडतात, वाटणाऱ्याचं नाव होतं.

त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं का, की बाबा, तुमचा चेहरा गावभर दाखवू का? समजा तोच मोबाईल त्याच्या हातात दिला, तर तो काय दाखवेल? ब्लँकेट दाखवेल, की स्टँडवरच्या संडासाला लावलेलं कुलूप दाखवेल?

हा प्रश्न आजचा नाही. जगात त्याला नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली काही पानं आपल्या मुंबईतली आहेत. तो इतिहास माहीत असला तर आपल्या गावात काय करता येईल हेही सुचतं, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

सुरुवात १९३५ पासून करू. लंडनच्या स्टेपनी भागातल्या पडक्या चाळींवर 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाची साधारण पंधरा मिनिटांची फिल्म निघाली. आर्थर एल्टन आणि एडगर अँस्टी हे तिचे दिग्दर्शक. तोवर गरिबांवरच्या फिल्ममध्ये गरीब फक्त दिसायचे, बोलायचा तो निवेदक. इथे पहिल्यांदा रहिवाशांनी आपल्याच खोलीत उभं राहून, कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं की ओल कशी येते, छत कसं गळतं, उंदीर कसे फिरतात. रूबी ग्रिअरसन या बाईंनी लोकांशी गप्पा मारून त्यांची भीड मोडली होती.

आता गंमत बघा. या फिल्मला पैसा कुणाचा? ब्रिटनमधल्या गॅस कंपन्यांच्या संघटनेचा. जुन्या चाळी पडल्या, नवी घरं झाली, की त्यांत गॅसच्या शेगड्या खपणार! म्हणजे तोंड गरिबाचं, हिशेब दुसऱ्याचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुढचा टप्पा १९६६. बीबीसीवर १६ नोव्हेंबरला 'कॅथी कम होम' दाखवली गेली. लेखक जेरेमी सँडफर्ड, दिग्दर्शक केन लोच. एक तरुण जोडपं घर गमावतं, एका निवाऱ्यातून दुसऱ्यात फेकलं जातं आणि शेवटी आईच्या हातून मुलं काढून घेतली जातात. सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी ती पाहिली. संसदेत चर्चा झाली. पंधराच दिवसांत, १ डिसेंबरला, 'शेल्टर' ही बेघरांसाठी काम करणारी संस्था सुरू झाली. फिल्म पाहून संस्था काढली असं अनेकांना वाटतं, पण संस्थेची तयारी आधीच झाली होती. फिल्ममुळे तिला वारा मिळाला, एवढं खरं. पण कॅथी झालेली बाई नटी होती. देश हळहळला तो तिच्या अभिनयावर. खरी कॅथी अजूनही कॅमेऱ्याच्या समोरसुद्धा नव्हती, मागे असणं तर लांबच.

आता कॅनडा. तिथल्या सरकारी 'नॅशनल फिल्म बोर्डा'ने १९६७ मध्ये एक वेगळा प्रयोग केला. न्यूफाउंडलंडजवळ फोगो नावाचं मच्छीमारांचं बेट आहे. ते रिकामं करून लोकांना दुसरीकडे हलवायचं सरकारी धोरण डोक्यावर होतं. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको. कॉलिन लो या दिग्दर्शकाने तिथे पंचवीसहून जास्त छोट्या फिल्म काढल्या. महत्त्वाचा होता तो नियम. ज्याचं बोलणं चित्रित झालं त्याला आधी दाखवायचं आणि त्याला नको असलेला भाग काढून टाकायचा. मग ती फिल्म बेटावरच्या दुसऱ्या वस्त्यांत दाखवायची. एकमेकांशी न बोलणारी गावं पडद्यावर एकमेकांचं ऐकायला लागली आणि शेवटी मंत्र्यांपर्यंत म्हणणं पोचलं. लोकांनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, बेट रिकामं झालं नाही. सगळं श्रेय फिल्मला द्यायचं कारण नाही, माणसं भांडली म्हणून टिकली. पण भांडायच्या आधी एकमेकांना ऐकावं लागतं. ते काम फिल्मने केलं.

त्याच सुमारास सोनी कंपनीने खांद्याला अडकवता येईल असा व्हिडिओ कॅमेरा बाजारात आणला. सिनेमाची रीळ धुवायला प्रयोगशाळा लागते, व्हिडिओची टेप लगेच लावून बघता येते. लगेच मॉन्ट्रिअल शहरातल्या एका गरीब वस्तीतल्या नागरिक समितीच्या हातात हे कॅमेरे दिले गेले. बॉनी शेर क्लाइन यांची १९६९ ची 'व्हीटीआर सेंट जॅक' ही फिल्म त्याचीच हकिगत सांगते. रस्त्यावरच्या माणसाने माईक पुढे करून रस्त्यावरच्याच माणसाला प्रश्न विचारला, हे नवीन होतं.

आता आपल्या मुंबईत या.

जुलै १९८१. धो धो पाऊस. मुख्यमंत्री होते अ. र. अंतुले. फुटपाथवर राहणाऱ्यांना उचलून मुंबईबाहेर पाठवायचा हुकूम निघाला. झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये भरली. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत एक पत्रकार होत्या, ऑल्गा टेलिस. आमच्या धंद्यातल्या कुणीतरी केलेली ही मोठी कामगिरी, म्हणून नाव आवर्जून घेतो. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, घटनेच्या कलम २१ मध्ये, असं कोर्टाने म्हटलं. आजही देशभर हा निकाल सांगितला जातो. पण त्याच निकालात हेही आहे, की फुटपाथवर राहायचा हक्क कुणाला नाही, रीतसर नोटीस देऊन पालिका हटवू शकते. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, मुदत मिळाली. तत्त्व जिंकलं, झोपडी हरली.

त्याच वर्षी आनंद पटवर्धनांची 'हमारा शहर' आली. मुंबईतल्या पाडापाडीवरची ही फिल्म, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एक प्रसंग आहे. झोपडी पाडलेली एक बाई फिल्मवाल्यांवरच उखडते. तुम्ही आमचे फोटो काढणार, नाव कमावणार, आम्हाला त्याचा काय उपयोग, असा तिचा रोख. पटवर्धनांनी हा प्रसंग कापला नाही, फिल्ममध्ये ठेवला. हा त्यांचा प्रामाणिकपणा. आणि फिल्म झाल्यावर ते घरी बसले नाहीत. १९८६ मध्ये कफ परेडजवळची संजय गांधी नगर वस्ती पाडली तेव्हा वस्तीतल्या लोकांबरोबर ते आणि शबाना आझमी उपोषणाला बसले आणि लोकांना गोरेगावकडे पर्यायी जागा मिळाली. तरी त्या बाईचा प्रश्न उरतोच. माझ्यावरची फिल्म आहे, तर त्यात माझा वाटा काय?

या प्रश्नाचं एक उत्तर भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी दिलं, तेही कॅमेऱ्याशिवाय. त्या वेळी फुटपाथवर माणसं किती, याचा धड आकडा कुणाकडे नव्हता. 'स्पार्क' संस्थेने १९८५ मध्ये वस्तीतल्या लोकांच्याच मदतीने सहा हजारांवर कुटुंबांची मोजणी केली. अहवालाचं नाव 'वुई, द इनव्हिजिबल', म्हणजे आम्ही, न दिसणारे. पुढच्या वर्षी या बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली. बचत सुरू झाली, रेशनकार्डासाठी कचेऱ्यांत खेपा सुरू झाल्या. घर मिळालं तर ते कसं हवं, हे त्यांनी साड्या धरून, हाताने मापं घेऊन ठरवलं आणि नमुन्याची घरं उभी करून लोकांना दाखवली. वर्षानुवर्षं लढून काही कुटुंबं मानखुर्दला पक्क्या घरात गेली. दुसऱ्याने मोजायची वाट न बघता आपणच स्वतःला मोजायचं आणि दाखवायचं. माझ्या मते कॅमेरा हातात घेण्याचाच हा प्रकार आहे.

खरोखरचा कॅमेरा हातात आला तो अहमदाबादेत. इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेत १९८४ मध्ये मार्था स्टुअर्ट या अमेरिकन बाईंनी व्हिडिओचं शिबिर घेतलं. शिकायला कोण? भाजी विकणाऱ्या, विडी वळणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायका. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बटणांवरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, तर त्यांनी बटणांच्या खुणा पाठ केल्या. 'व्हिडिओ सेवा' अशी सुरू झाली. माणेक चौकात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांना पोलीस आणि पालिका कशी हुसकावते, हे टोपलीवाल्या बाईनेच दाखवलं. अक्षर येत नाही म्हणून गोष्ट सांगता येत नाही, हा समज तिथे गळून पडला.

आणि आता या सगळ्यातली माझ्या मते सगळ्यात विलक्षण फिल्म, न्यूयॉर्कची 'डार्क डेज'.

मॅनहॅटनच्या पश्चिमेला, रिव्हरसाइड पार्कच्या खाली, रेल्वेचा लांबलचक बोगदा आहे. गाड्या बंद झाल्यावर तिथे बेघर माणसं राहायला लागली. प्लायवूड, पत्रे, फेकून दिलेलं सामान यांच्या खोल्या, ओढून आणलेली वीज, शेगडी, कुत्री. १९९१ पासून 'अ‍ॅमट्रॅक' या रेल्वेने पुन्हा गाड्या सुरू केल्या तरी वस्ती होतीच. मार्क सिंगर हा इंग्लंडहून आलेला तरुण त्यांच्यात जाऊ-येऊ लागला, राहू लागला. त्याने आयुष्यात कधी फिल्म केली नव्हती. यावर कुणीतरी फिल्म काढायला हवी, ही कल्पना बोगद्यातल्याच एका माणसाची. ठरलं असं, की फिल्म काढू, विकू आणि आलेल्या पैशातून इथून बाहेर पडू.

मग फिल्मचं युनिट कोण? बोगद्यातलीच माणसं. लाईट कुठे लावायचा, आवाज कसा घ्यायचा, सामान कसं वाहायचं हे सगळं तीच शिकली. दुकानातली सामान ढकलायची ट्रॉली घेऊन तिच्यावर कॅमेरा फिरवला. विजेची तार बोगद्यातूनच ओढली. चित्रण १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर. नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट, म्हणजे मोबाईल नाही, डिजिटल नाही, प्रत्येक रिळाला पैसे.

चित्रण चालू असतानाच रेल्वेने बोगदा खाली करायला सांगितलं. इथे कथा वेगळ्या वळणाला गेली असती. पण 'कोअॅलिशन फॉर द होमलेस' ही संघटना मध्ये पडली, केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्यापर्यंत गेली आणि या लोकांसाठी घरभाड्याची व्हाउचर मंजूर झाली. या योजनेत भाडेकरू आपल्या उत्पन्नाचा साधारण तीस टक्के भाग भाड्याला देतो, उरलेलं भाडं सरकार भरतं. फिल्मच्या शेवटी माणसं आपल्याच हाताने आपल्या झोपड्या घण घालून मोडतात आणि खिडकी असलेल्या घरात जातात. आपल्याकडे जेसीबी झोपडी मोडतो आणि माणूस बघत उभा राहतो. इथे माणूस मोडत होता, कारण पुढचं घर ठरलेलं होतं. हा फरक फार मोठा आहे.

२००० साली सनडान्स महोत्सवात 'डार्क डेज'ला प्रेक्षकांच्या पसंतीच्या पुरस्कारासह तीन पुरस्कार मिळाले. त्यातला एक छायाचित्रणाचा होता. बोगद्यातल्या हातांनी लावलेल्या उजेडाला मिळालेला तो पुरस्कार.

पण उगाच डोक्यावर घ्यायची गरज नाही. ही फिल्मसुद्धा सिंगर यांच्याच नावाने ओळखली जाते. शेवटचं संकलन बोगद्यातल्या माणसांनी केलं नाही. आणि घर मिळालं ते फिल्म बघून नव्हे, तर संघटना भांडली आणि सरकारकडे योजना तयार होती म्हणून. योजना नसती तर पुरस्कार घेऊनही माणसं रस्त्यावरच राहिली असती.

आपल्याकडे हा इतिहास पुढे कुठे गेला? महाराष्ट्रात बेघर माणसाने स्वतःची गोष्ट सांगायला आधी पेन घेतलं. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी समाजाचं जगणं त्या समाजातल्या पोरानेच लिहिलं. पाठोपाठ लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं. दोघांनाही साहित्य अकादमी मिळाली. कागद-पेन स्वस्त होतं, म्हणून पुस्तक आधी आलं. फिल्म महाग होती, म्हणून ती नंतर आली.

याच लक्ष्मण गायकवाडांनी महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्याबरोबर १९९८ मध्ये भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी काम उभं केलं. बंगालमध्ये बुधन सबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला होता, त्यावर अहमदाबादच्या छारानगरमधल्या पोरांनी नाटक बसवलं आणि 'बुधन थिएटर' जन्माला आलं. छारा म्हणजे आपल्याकडच्या कंजारभाटांचेच भाऊबंद. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली ही माणसं. त्यांच्यातल्या दक्षिण बजरंगे यांनी नाटकानंतर कॅमेरा घेतला आणि आपल्यासारख्याच उठवल्या जाणाऱ्या समाजांवर माहितीपट काढले. इकडे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' ही छोटी फिल्म काढली, पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दगड फोडणाऱ्या वडार समाजातून आलेला माणूस. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

आता या नव्वद वर्षांचा सारांश काढतो.

१९३५ मध्ये गरिबाला बोलायला मिळालं. १९६७ मध्ये आपलं चित्रण आधी बघायला आणि नको ते काढायला मिळालं. १९८४ मध्ये कॅमेरा हातात मिळाला. नव्वदच्या दशकात फिल्मच्या कमाईत वाटा आणि डोक्यावर छप्पर, ही मागणी फिल्मलाच जोडली गेली. म्हणजे बोलणं, नकार देणं, हाताळणं आणि वाटा. या चार पायऱ्या.

आता ब्लँकेटच्या रीलकडे परत बघा. त्यात यातली एकही पायरी नाही. १९३५ च्या गॅसवाल्यांनी निदान माणसाला बोलू तरी दिलं होतं! आपण २१ व्या शतकात मोबाईल घेऊन त्याच्याही मागे गेलोय.

कुणी म्हणेल, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, पालावरची पोरंसुद्धा रील करतात, मग अडलं कुठे? अडलंय ते असं. पोरगं नाचाची रील करतं तेव्हा कुणाला त्रास नसतो. तेच पोरगं अतिक्रमण हटाव पथकाचं चित्रण करायला लागलं, की मोबाईल हिसकावला जातो. ज्याच्यामागे संघटना नाही, वकील नाही, पत्रकार नाही, त्याच्या हातातला कॅमेरा दोन मिनिटांत काढून घेता येतो. अहमदाबादच्या भाजीवालीमागे 'सेवा' होती. बोगद्यातल्या माणसामागे बेघरांची संघटना होती. कॅमेरा एकट्याने चालत नाही.

आणि हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण जनगणना. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. ही मोजणी एका रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. त्या रात्री जो पुलाखाली होता तो मोजला गेला. ज्याला पोलिसाने हाकललं, जो लग्नाच्या मांडवामागे झोपला, तो सुटला. पुढची जनगणना २०२७ ची जाहीर झाली आहे. पुन्हा एकच रात्र. सुटला तो पुढची दहा वर्षं कागदावर नाही. आणि कागदावर नाही त्याच्यासाठी निवारा कशाला बांधतील? शहरी बेघरांच्या सरकारी योजनेत लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या निवाऱ्याचं माप ठरवलेलं होतं. आपल्यासारख्या लहान गावात हा विषय सभागृहात निघतच नाही, कारण आपल्याकडे बेघर नाहीतच असं सगळे धरून चालतात. रात्री अकरानंतर स्टँडवर, बाजार समितीच्या ओट्यावर आणि सिव्हिलच्या व्हरांड्यात एक फेरी मारा, मग बोला.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. गावात लग्नाचं शूटिंग करणारी पाच-सहा पोरं आहेत, स्थानिक यूट्यूब चॅनलवाले आहेत, वाचनालयाचा हॉल आहे. स्टँडवरच्या आणि पालावरच्या आठ-दहा जणांना चार रविवार शिकवू. शिकवणाऱ्याने कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. फिल्म आधी त्यांच्यात दाखवायची. ज्याला चेहरा नको असेल त्याचा चेहरा काढायचा. घर सोडून आलेल्या बाईचा ठावठिकाणा कुणाला कळता कामा नये, हे तर पहिलं. मोबाईलवर मालकी त्यांची, नाव त्यांचं, काही पैसे आले तर तेही त्यांचे. आणि पहिला खेळ नगरपालिकेच्या सभागृहात, नगरसेवक आणि मुख्याधिकाऱ्यांसमोर. लाईक मिळोत न मिळोत, सभेच्या इतिवृत्तात नोंद मात्र व्हायला हवी.

फिल्मने घर मिळत नाही, हे वर लिहिलंच आहे. पण जो दिसत नाही त्याच्यासाठी कुणी घर बांधत नाही. भायखळ्याच्या बायकांना हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं.

ज्यांना शिकवायला यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये या. ज्यांना ब्लँकेट वाटायचीत त्यांनी जरूर वाटा, मनापासून वाटा. फक्त वाटताना मोबाईल खिशात ठेवा. आणि अगदीच राहवत नसेल, तर तो समोरच्या माणसाच्या हातात द्या आणि म्हणा, बाबा, आता तुम्ही काढा, तुम्हाला काय दाखवायचंय ते.